सवडीनं करा, भाऊसाहेब

सोलापुरात गिरण्यांचे भोंगे वाजायचे तेव्हा घरात घड्याळ नसलं तरी चालायचं. साडेतीनचा भोंगा झाला की पहिली पाळी सुटायची. मी ज्या शाळेत कारकून होतो ती शुक्रवार पेठेतल्या माझ्या खोलीपासून चालत दहा मिनिटांवर होती. त्र्याहत्तर साली, जून ते नोव्हेंबर, भोंगा झाल्यावर अर्ध्या तासानं शाळेच्या फाटकातून एक माणूस आत यायचा. रोज नाही, आठ-दहा दिवसांनी एकदा. डोक्यावर, भुवयांवर, मिशीवर कापसाची तुसं. ऑफिसच्या दाराशी चप्पल काढायचा आणि उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहायचा.

गिरण्या बंद पडून कितीतरी वर्षं झाली. भोंगा आता कुणालाच ऐकू येत नाही. मला येतो. साडेतीनच्या सुमारास हातात पेपर असला तरी तो खाली ठेवून मी दाराकडं बघतो. सून विचारते, "बाबा, कुणी आलंय का?" मी म्हणतो, नाही.

जे घडलं ते आता लिहून ठेवतो आहे. ऐंशी उलटली. यातला खोटेपणा माझा आहे आणि तो दुसऱ्याच्या नावावर जमा आहे.

तो माणूस माढ्याकडचा. दोन एकर कोरडवाहू भावाच्या हवाली करून गिरणीत लागला होता, सूतखात्यात. त्याची मुलगी आमच्या शाळेत पाचवीला आली तेव्हा तिच्या गावच्या शाळेच्या दाखल्यावर नेमकी जन्मतारखेच्या जागी शाई फुटली होती. मी म्हणालो, गावातून जन्माची चिठ्ठी आणा.

त्यानं दोन आणल्या. गावच्या जन्मनोंदीत तेव्हा बाळाचं नाव नसायचं. नोंद बारशाच्या आधी व्हायची. बापाचं नाव, गाव, तारीख, आणि पुढं एकच शब्द, मुलगी. त्याला दोन मुली झाल्या होत्या, दोन वर्षांच्या अंतरानं. धाकटी सात महिन्यांची होऊन गेली. ग्रामसेवकानं दोन्ही नोंदींच्या चिठ्ठ्या त्याच्या हातावर ठेवल्या आणि तुमची कुठली ती तुम्ही बघा म्हणून सांगितलं. त्याला वाचता येत नव्हतं. बायकोलाही नाही. पण तिनं ग्रामसेवकाला विचारून थोरलीच्या चिठ्ठीचा कोपरा मुडपून दिला होता.

"जिचा कोपरा मुडपल्याला हाय ती हिची, भाऊसाहेब," तो म्हणाला. "दुसरी गेलेल्या पोरीची. ती तुमी परत द्या, न्हायतर फाडून टाका."

प्रवेशाचे दिवस होते. दारात वीस-पंचवीस पालक. मी "बरं बरं" म्हणालो आणि दोन्ही चिठ्ठ्या ठेवून घेतल्या.

आता माझ्या एका सवयीबद्दल सांगायला हवं. मला कागद मुडपलेला बघवत नसे. कुठलाही कागद हातात आला की मी त्याचे कोपरे सरळ करायचो, अंगठ्याच्या नखानं घडी दाबून काढायचो, मग फायलीला लावायचो. हेडमास्तर नव्या शिक्षकांना माझं जनरल रजिस्टर दाखवायचे. "बघा, दहा वर्षांत तांबड्या शाईचा ठिपका नाही." रजिस्टरात दुरुस्ती झाली तर ती तांबड्या शाईनं करावी लागे, शेजारी हेडमास्तरांची सही. माझ्या पानांवर तांबडं काही नव्हतं. त्याचा मला किती अभिमान होता हे आज लिहायलाही लाज वाटते.

त्या दिवशी संध्याकाळी नोंदी करायला बसलो तेव्हा दोन्ही चिठ्ठ्यांचे कोपरे मी सरळ केलेले होते. कुठली मुडपलेली होती ते आठवेना, आणि गेलेली पोर थोरली की धाकटी हे मी विचारलंच नव्हतं. वरची उचलली आणि ती तारीख रजिस्टरात लिहिली, सुंदर अक्षरात. खालची फायलीत मागं ठेवून दिली.

वरची धाकटीची होती. म्हणजे सात महिन्यांची होऊन गेलेली मुलगी त्या दिवसापासून माझ्या रजिस्टरात शाळेत जाऊ लागली. सहावीत गेली, सातवीत गेली. दरवर्षी मी तिला पुढच्या वर्गात चढवत होतो.

सहा वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नाही. तेव्हा अकरावीला बोर्डाची परीक्षा असे. त्या जूनमध्ये वर्गशिक्षकांनी सगळ्यांच्या जन्मतारखा मोठ्यानं वाचून दाखवल्या. ही उठून म्हणाली, "सर, ती माझी नाही. ती माझ्या बहिणीची. ती नाही आता." वर्ग हसला म्हणे. दुसऱ्या दिवशी तिनं अर्ज लिहिला आणि बाप गिरणीतून सुटल्यावर तो घेऊन माझ्याकडं आला.

"पोरगी नर्सिंगला जाती म्हनती," तो म्हणाला. "तितं सतरा पुरी लागत्यात. ती हायेत तिची पुरी. पर तुमच्या बुकात पंधराच दिसत्यात. तेवढं नीट करा की."

"आणि नाही गेली तर?" मी सहज विचारलं.

"न्हाय गेली तर माझा थोरला भाऊ बसलाय की स्थळ घिऊन. मी त्याला सांगितलंय, तिला दवाखान्यात घेतली तर तीन वर्सं लग्नाचं नाव काडायचं न्हाय. आन न्हाय घेतली तर तू म्हनशील तसं." आणि मग दाराबाहेर चप्पल घालता घालता म्हणाला, "सवडीनं करा, भाऊसाहेब. तुमाला कामं लई असत्यात."

हे वाक्य तो दर खेपेला म्हणायचा. आमच्याकडं सवडीनं करा म्हणजे सावकाश करा असं नसतं. मोठ्या माणसाला घाई करा म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून असं म्हणायचं. ऐकणाऱ्यानं त्यातून काय ते समजायचं. मला ते पक्कं समजत होतं. तरी मी त्याचा शब्दशः अर्थ घेतला, कारण तो सोयीचा होता.

त्या संध्याकाळी मी फाईल काढली. दोन्ही चिठ्ठ्या होत्या. उजेडात धरल्यावर एकीच्या कोपऱ्यावर पुसट घडी दिसली. चूक कुणाची ते मला तेव्हाच कळलं. काम अर्ध्या तासाचं होतं. अर्जावर टिपण लिहायचं, चिठ्ठी जोडायची, हेडमास्तरांची शिफारस घ्यायची आणि शिक्षणाधिकाऱ्यांकडं पाठवायचं. फक्त बोर्डाचे फॉर्म जायच्या आत, म्हणजे नोव्हेंबरच्या आत. एकदा मुलगी परीक्षा देऊन शाळेतून बाहेर पडली की तारखेला कुणीच हात लावू शकत नव्हतं.

मी फाईल बांधून ठेवली. म्हटलं, उद्या सकाळी ताज्या डोक्यानं.

लोक म्हणतात, काम टाळणारा माणूस आळशी असतो. मी त्या पाच महिन्यांत जितकं काम केलं तितकं आयुष्यात कधी केलं नाही. तीस वर्षांच्या हजेऱ्या कपाटातून काढून झटकल्या. नव्या वह्यांना हातानं रेघा आखल्या. डेडस्टॉकच्या, म्हणजे शाळेच्या सामानाच्या यादीत मोडक्या बाकांना नंबर टाकले. सकाळी ऑफिसात शिरताना ती फाईल करायची हे पक्कं असायचं. मग म्हणायचो, टेबल आवरून बसू. टेबलावरून कपाटाकडं जायचो. दुपारी "आता उद्या" असं मनाशी म्हटलं की छातीतलं काहीतरी सैल व्हायचं, गार वाटायचं. त्या गारव्याचं मला व्यसन लागलं. दारू पिणाऱ्याला काय वाटत असेल ते मला त्या वर्षी कळलं.

मी कामाला भीत नव्हतो. त्या कागदाच्या शेवटी माझ्या सुंदर पानावर एक तांबडी रेघ होती आणि हेडमास्तर चष्म्यावरून बघत विचारणार होते, "हे कसं झालं?" त्या एका मिनिटापासून मी पळत होतो. आणि रोज ते मिनिट मोठं होत होतं. जूनमध्ये फक्त चूक सांगावी लागली असती. ऑगस्टमध्ये चूक सांगून उशीर का केला तेही सांगावं लागलं असतं. दिवाळीपर्यंत तर सांगण्यासारखं इतकं साठलं की तोंड उघडणंच अशक्य झालं.

आमचा शिपाई म्हातारा होता, दख्खनी बोलायचा आणि त्याच्या नजरेतून काही सुटत नसे. तो माणूस फाटकात दिसला की आत येऊन सांगायचा, "भाऊसाब, वो मिलवाला आया."

मी उठून मागच्या दप्तराच्या खोलीत जायचो.

एकदा शिपाई माझ्यामागून आला. मी फळीवरच्या वह्या उगाच खालीवर करत होतो. "क्या ढूँढते, भाऊसाब?"

"जुनं रजिस्टर."

"मैं ढूँढता. तुम जाके उससे बात करो. बिचारा धूप में खडा है."

"सांग त्याला, साहेब बोर्डाच्या कामात आहेत."

तो हसला. "वो भी बोर्डकाच काम लेके आया ना."

बाहेरून मला आवाज ऐकू आला. "काय घाई न्हाय वो. सवडीनं हू द्या. निस्तं आलतो म्हनून सांगा." मग चपलांचा आवाज. फळीवरच्या धुळीत मी बोटानं रेघ ओढत उभा होतो.

नोव्हेंबरात फॉर्म गेले. मी ते स्वतः भरले. तिच्या फॉर्मवर धाकटीची तारीख लिहिली. त्याच दिवशी मागची, थोरलीची चिठ्ठी फायलीतून काढून माझ्या टेबलाच्या खणात टाकली. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आता येतं. मी पुढच्या खोट्याची तयारी करत होतो.

पुढच्या जूनमध्ये ती दुसऱ्या श्रेणीत पास झाली. जुलैत नर्सिंगचा अर्ज परत आला, वय कमी म्हणून. बाप आणि मुलगी दोघं आली, या वेळी थेट हेडमास्तरांच्या खोलीत. मला बोलावणं आलं.

"यांनी अर्ज दिला होता म्हणतात," हेडमास्तर म्हणाले. "काय झालं त्याचं?"

वर्षभर मी ज्या मिनिटाला भीत होतो ते हेच. मी अगदी शांत आवाजात बोललो. "अर्ज आला होता, सर. पण पुरावा नव्हता. यांनी प्रवेशाच्या वेळी चिठ्ठी एकच दिली होती, धाकट्या मुलीची. दुसरी आणा म्हणून सांगितलं होतं."

फाईल मी पुढं केली. तीत एकच चिठ्ठी होती.

मुलगी वळून बापाकडं बघू लागली. त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याच्या मिशीवर कापूस होता. "दोन दिल्या व्हत्या वाटतं, भाऊसाहेब," तो हळूच म्हणाला. "कोपरा मुडपून..."

"एकच होती," मी म्हणालो.

हेडमास्तर म्हणाले, "अहो, मुलीच्या आयुष्याचा प्रश्न. एक कागद नीट आणायचा नाही का?"

 तो म्हणाला, "आसंल, साहेब. मला कुटं वाचता येतंय. माझ्याच हातून ऱ्हायलं आसंल."

 मुलगी बापाच्या पुढं चालत बाहेर गेली. एरवी ती नेहमी त्याच्या मागं चालायची.

माघात तिचं लग्न झालं. लग्नाला वयाचा दाखला कुणी मागत नाही. तो पत्रिका घेऊन आला, हळदीचं बोट लावलेली. उंबऱ्याबाहेरूनच हात लांब करून दिली. "जेऊरकडं दिली पोरगी. बागाईत हाय. सवड काढून या, भाऊसाहेब."

मी जाणार होतो.

पुढं चार-पाच वर्षांनी ती एकदा शाळेत आली, कडेवर मूल घेऊन. गावात बालवाडी निघणार होती, तिथं मदतनीस म्हणून घेतील तर बघावं, म्हणून दाखल्याची दुसरी प्रत हवी होती. मी लगेच रजिस्टर काढलं आणि ती समोर उभी असतानाच लिहून दिलं. तोवर मी एक शिकलो होतो. माणूस समोर उभा असतानाच कागद हातात घ्यायचा. तो चप्पल घालायच्या आत पहिली ओळ लिहायची, वेडीवाकडी असली तरी. एकदा ओळ पडली की काम अर्धं होतं, आणि जे सांगायला सगळ्यात अवघड ते आधी सांगून टाकायचं. यातूनच माझं नाव झालं. निवृत्तीच्या दिवशी भाषणं झाली, आमच्या भाऊसाहेबांनी आजचं काम कधी उद्यावर टाकलं नाही म्हणून. शिपाई तोवर वारला होता, नाहीतर तो हसला असता.

तर ती म्हणाली, "किती पटकन केलंत, भाऊसाहेब."

मी विचारलं, "वडील कसे आहेत?"

"आण्णा? हायेत." तिनं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. "येत न्हाईत माझ्याकडं फारसे. मी एकदा बोलून गेले, वाचता येत न्हाय तर चार लोकांला विचारायचं तरी. आण्णा, तुमच्या एका चिठ्ठीपायी माझं सगळं ऱ्हायलं. तवापासून आले तरी वट्यावरच बसत्यात. पानी पित्यात आन जात्यात."

चिठ्ठी तेव्हा माझ्या खणात होती. ती उभी होती तिथून दोन हातांवर. मी म्हणालो, "चहा घेणार का?" ती म्हणाली, गाडी चुकेल. मी स्वतःला म्हणालो, पुढच्या खेपेला येईल तेव्हा सांगू. ती परत आली नाही.

निवृत्त होताना चिठ्ठी मी घरी आणली. पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या पत्रांखाली ठेवली. तीन घरं बदलली, ट्रंक बरोबर आली. बायकोला सांगायचं ठरवलं होतं. ती गेली. दुसऱ्यांची कामं वेळेवर करायला मी शिकलो होतो, पण हा एक कागद तसाच राहिला. समोर कुणी उभं राहायला येणार नव्हतं आणि मला वाटत होतं, आता फार उशीर झाला. हेही टाळण्याचंच एक रूप आहे, आणि सगळ्यात चिवट. आधी म्हणायचं अजून वेळ आहे. मग म्हणायचं आता वेळ गेली. मध्ये कधी तो आज येतच नाही.

परवाच्या उन्हाळ्यात सुनेनं ट्रंक उन्हात काढली. चिठ्ठी मी उचलली. कागद पिवळा पडला होता आणि ती कोपऱ्यावरची घडी, मी नखानं दाबून काढलेली, आता तिथंच चिरत चालली होती. कोपरा एका धाग्यावर असल्यासारखा होता. अजून एकदा कुणी हाताळली असती तर तो गळून पडला असता. मग तिच्या आईनं कुठली चिठ्ठी मुडपली होती हे जगात कुणालाच सांगता आलं नसतं. मी ती दोन पुठ्ठ्यांत घातली आणि मुलाला म्हणालो, मला जेऊरला जायचं आहे. तो म्हणाला, ऊन उतरू दे, पुढच्या महिन्यात नेतो. मी म्हणालो, नाही. उद्या सकाळच्या गाडीनं.

जेऊर स्टेशनवरून रिक्षा केली. नाव सांगितल्यावर घर सापडलं. अंगणात ती तूर पाखडत बसली होती. केस पांढरे. मला तिनं ओळखलं नाही. शाळेचं नाव सांगितल्यावर उठली, "बसा की, भाऊसाहेब," म्हणून खुर्ची आणली. माझ्याबरोबर आलेल्या मुलाला म्हणाली, "ह्यांनी मला दहा मिन्टांत दाखला दिलता."

मी बसलो नाही. पुठ्ठे उघडून चिठ्ठी तिच्यापुढं धरली आणि सगळं सांगितलं. सगळ्यात अवघड ते आधी. "तुझ्या वडिलांनी दोन दिल्या होत्या. मी खोटं बोललो."

तिनं चिठ्ठी हातात घेतली नाही. नुसती बघत राहिली. मग एक बोट पुढं करून त्या कोपऱ्याला लावलं, अगदी हलकं.

"हे आईनं मुडपलं?"

"हो."

"आन आण्णांनी तुमाला सांगितलं, ही हिची म्हनून?"

"सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"तवा त्यांनी साहेबांपुढं कशापायी कबूल केलं मग?"



ती सुपातली तूर हातानं उगाच सारखी करू लागली. "बारा वर्सं झाली त्यांना जाऊन," ती म्हणाली. "शेवटच्या खेपंला आलते तवा पाऊस व्हता, तरी वट्यावरच बसले. मी आत या म्हनलं न्हाय. म्हनायचं मनात व्हतं." मग माझ्याकडं वर बघून म्हणाली, "तुमी हे तवा सांगितलं असतं तर तुमची नोकरी गेली असती का?"

"नाही," मी म्हणालो. "एक तांबडी रेघ पडली असती."

 माझा मुलगा म्हणाला, "ताई, बाबांना फार त्रास होतो याचा." ती त्याला म्हणाली, "व्हय का. आता मला बी हुईल." तिचा आवाज चढलेला नव्हता. मी तिला माफ कर म्हणायचं ठरवून गेलो होतो. ते मागायचा मला हक्क नाही हे तिथं उभं राहिल्यावर कळलं, म्हणून मागितलं नाही.

ती आत गेली. मला वाटलं, आता येणार नाही. आली ती नातवाची वही आणि पेन घेऊन.

"लिहून द्या," ती म्हणाली. "आण्णांनी दोन चिठ्ठ्या दिलत्या. त्यांची चूक न्हवती. चुलत्याची पोरं आजून म्हनत्यात, आडानी बापानं पोरीचं वाटोळं केलं. त्यांना वाचून दाखवायचंय मला. खाली सही करा, तारीख घाला."

 माझं अक्षर आता पहिल्यासारखं येत नाही. मी म्हणालो, "घरी जाऊन नीट लिहून पाठवतो. चांगल्या कागदावर."

"न्हाय," ती म्हणाली. "सवडीनं न्हाय. हितंच."

मी खुर्चीत बसलो. ती समोर उभी राहिली. पेन उघडलं तर तांबडं निघालं, पोराची गणितं तपासायचं. तिच्या ते लक्षात आलं नव्हतं. मी त्याच पेननं लिहायला लागलो. पहिली ओळ वाकडी आली. खोडली नाही, तशीच पुढं लिहीत गेलो.